हॉर्मोन ग्राही आणि स्तन ग्रंथींचा विकास

रक्तातून शरीरभर फिरणाऱ्या हॉर्मोनाला (अंतःस्रावी ग्रंथीत तयार होऊन दूरच्या अवयवाच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या रासायनिक पदार्थाला) ओळखून त्याच्याशी बद्ध होणाऱ्या व त्यायोगे कोशिकेच्या (पेशीच्या) कार्यात बदल घडवून आणणाऱ्या प्रथिनास ‘हॉर्मोन ग्राही’ असे म्हणतात. एकच हॉर्मोन रक्तावाटे सर्व अवयवांपर्यंत पोहोचत असताना त्यास काही अवयवच का प्रतिसाद देतात, या प्रश्नाचे उत्तर ग्राहींच्या शोधामुळे मिळाले. या शोधाच्या इतिहासात स्तन ग्रंथीस विशेष महत्त्वाचे स्थान आहे. या ग्रंथीचा बराचसा विकास जन्मानंतर होतो व त्याच्या प्रत्येक टप्प्यावर हॉर्मोनांचे नियंत्रण असते. तसेच या ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचार कोणत्या स्त्रीस उपयुक्त ठरेल व कोणत्या स्त्रीस तो व्यर्थ क्लेशकारक होईल, हे ठरविण्याची निकड ग्राहीविषयक संशोधनास वेळोवेळी चालना देत आली.

विकासाचे टप्पे : गर्भावस्थेत त्वचेच्या अभिस्तरापासून (शरीराच्या पृष्ठभागावरील वा पोकळ्यांच्या आतील कोशिकांच्या अस्तरापासून) स्तन ग्रंथीची कलिका तयार होते व ती खालील संयोजी ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) शिरते. जन्माच्या वेळी थोड्याच आखूड नलिका असतात. यौवनावस्थेत नलिका लांबतात, त्यांना शाखा फुटतात व त्या भोवतालच्या मेदयुक्त ऊतकात पसरतात. गर्भारपणात शाखांची संख्या वाढून त्यांच्या टोकांशी कूपिका (दूध स्रवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) तयार होतात. प्रसूतीनंतर कूपिका दूध स्रवू लागतात आणि स्तनपान थांबल्यावर त्यांचा मोठ्या प्रमाणात ऱ्हास होतो. यौवनातील वाढीत ईस्ट्रोजेन, गर्भारपणातील वाढीत प्रोजेस्टेरोन व प्रोलॅक्टिन आणि दुग्धस्रवणात प्रोलॅक्टिन ही हॉर्मोने प्रमुख होत. पहिली दोन मुख्यतः अंडकोशात व गर्भारपणी वारेत, तर तिसरे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत तयार होते.

प्रारंभीची निरीक्षणे : अंडकोश व स्तन यांचा परस्परसंबंध शास्त्रज्ञांच्या आधी पशुपालकांच्या ध्यानात आला होता. गाय व्याल्यानंतर तिचे अंडकोश काढून टाकल्यास ती दीर्घकाळ दूध देत राहते, अशा समजुतीने काही देशांत तशी शस्त्रक्रिया करीत असत. ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज टॉमस बीटसन यांनी आपल्या प्रबंधासाठी दुग्धस्रवणाचा अभ्यास करताना या प्रथेची नोंद घेतली होती. अंडकोशाचा स्तनातील कोशिकांच्या वाढीवर ताबा असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. जून १८९५ मध्ये त्यांनी स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्‌भवलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे दोन्ही अंडकोश काढून टाकले. त्यानंतर काही महिन्यांतच अर्बुद (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीने झालेली गाठ) दिसेनासे झाले. ही हकिकत १८९६ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या वेळी ‘हॉर्मोन’ हा शब्दही अस्तित्वात नव्हता.

बीटसन यांचा उपचार इतरांनी करून पाहिला. लंडन येथील स्टॅन्ली बॉइड यांनी १९०० मध्ये अशा रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा सु. एक-तृतीयांश रुग्णांनाच त्याचा लाभ झाल्याचे दिसून आले. या एक-तृतीयांश स्त्रिया आधी कशा ओळखाव्यात, याचे उत्तर मिळण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. उर्वरित दोन-तृतीयांश स्त्रियांना शस्त्रक्रियेचा धोका पत्करूनही काही मिळत नव्हते आणि त्यामुळे हा उपचार मागे पडला.

व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर व योझेफ हाल्बान यांनी सु. १९०० मध्ये प्राण्यांचे अंडकोश मूळ जागेवरून काढून शरीरात अन्यत्र रोपण केले, तरीही गर्भाशय व स्तन यांचा ऱ्हास टळतो वा वाढ होते, असे दाखविले. मज्जातंतूंचे मूळ संबंध तुटलेले असल्यामुळे अंडकोशाचा प्रभाव रक्तातून जाणाऱ्या पदार्थाद्वारे पडतो, हे त्यावरून सिद्ध झाले. लंडन येथील शरीरक्रियाविज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये अशा पदार्थांना उद्देशून ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. पुढच्याच वर्षी जॅनेट लेन-क्लेपन व स्टार्लिंग यांनी सशांवरील प्रयोगांच्या आधारे स्तन ग्रंथीच्या वाढीस कारणीभूत होणाऱ्या घटकांविषयी निबंध प्रसिद्ध केला. वाढीस चालना देणारा पदार्थ गर्भातून येतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. तथापि स्तनाची वाढ रासायनिक संदेशामुळे होते, ही दिशा योग्य ठरली.

हॉर्मोनांची ओळख : १९२३ मध्ये अमेरिकेतील सेंट लूइस येथे एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी अंडकोशातील हॉर्मोनाचे आमापन (क्रियाशीलतेवरून प्रमाण ठरविण्याची पद्धत) शोधून काढले. १९२९ मध्ये डॉइझी यांनी अमेरिकेत व आडोल्फ बूटेनांट यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे ईस्ट्रोन हे या गटातील पहिले संयुग स्फटिकरूपात मिळविले. प्रोजेस्टेरोन १९३४ मध्ये शुद्ध रूपात उपलब्ध झाले. पोष ग्रंथीच्या अर्काने सशांमध्ये दुग्धस्रवण सुरू होते, हे फ्रान्समधील स्ट्रॅस्‌बर्ग येथील स्ट्रिकर व ग्र्यूटर यांनी १९२८ मध्ये दाखविले. त्यातील क्रियाशील घटकास ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनी काही वर्षांनी ‘प्रोलॅक्टिन’ हे नाव दिले.

यांपैकी प्रत्येक हॉर्मोनाचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातील डब्ल्यू. आर्. लायन्स, सी. एच्. ली व आर्. ई. जॉन्सन यांनी पोष ग्रंथी, अंडकोश व अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या अंतःस्रावी ग्रंथी) काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना निरनिराळी हॉर्मोने एकेकटी व एकत्रित देऊन पाहिली. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असे आढळले की, नलिकांच्या वाढीस ईस्ट्रोजेनाबरोबर पोष ग्रंथीचे वृद्धी हॉर्मोन लागते आणि कूपिकांच्या निर्मितीस त्यांच्या जोडीला प्रोजेस्टेरोन व प्रोलॅक्टिन आवश्यक असतात. त्याच वर्षी एस्. नंदी यांनी अधिक लहान जातीच्या उंदरांवरील याच स्वरूपाचे संशोधन प्रसिद्ध केले. अशा रीतीने कोणती हॉर्मोने लागतात हे कळले. पण ती कोशिकेत नेमके काय करतात, हे कळले नाही.

ग्राहीची संकल्पना : औषधे व विषे कोशिकेतील विशिष्ट घटकाशी बद्ध होऊनच परिणाम घडवितात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील पाउल एर्लिख व केंब्रिज येथील जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी मांडली होती. लँग्ली यांनी १९०५ मध्ये निकोटीन व क्युरारे यांच्या स्नायूंवरील परिणामांवरून ‘ग्राहक पदार्थ’ गृहीत धरला. तथापि ईस्ट्रोजेनाच्या अभ्यासकांवर या कल्पनेचा प्रभाव फारसा पडला नाही. १९५०–६० या दशकात ईस्ट्रोजेन हे एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रियांची गती वाढविणाऱ्या प्रथिनांच्या) विक्रियांत स्वतः भाग घेते व त्या वेळी त्याचे रासायनिक रूपांतर होते, असे मत प्रचलित होते.

शिकागो विद्यापीठातील एल्‌वुड जेन्सन यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला. हॉर्मोन ऊतकाचे काय करते, हे पाहण्याऐवजी ऊतक हॉर्मोनाचे काय करते, हे त्यांनी पाहावयाचे ठरविले. हॉर्मोनाची स्वाभाविक मात्रा अत्यल्प असल्याने त्याचा माग काढण्यासाठी तीव्र किरणोत्सर्ग (भेदक किरण वा कण बाहेर टाकण्याचा गुणधर्म) असलेला पदार्थ लागणार होता. म्हणून जेन्सन व हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम (हायड्रोजनाचा किरणोत्सर्गी समस्थानिक) अंतर्भूत केलेले ईस्ट्रॅडिओल तयार केले. ते अपक्व उंदरांच्या माद्यांना टोचल्यावर रक्त, यकृत, स्नायू इ. ठिकाणांहून ते लवकर नाहीसे झाले. मात्र गर्भाशय व योनिमार्ग यांत ते दीर्घकाळ टिकून राहिले आणि त्याच्या रासायनिक संरचनेत कोणताही बदल झाला नव्हता. त्यावरून हॉर्मोनाचे रूपांतर होत नसून प्रतिसादक्षम ऊतकात त्याला धरून ठेवणारा घटक आहे, हे स्पष्ट झाले. १९५८ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय जीवरसायनशास्त्र परिषदेत जेन्सन यांनी हे निष्कर्ष सांगितले, तेव्हा पाचच श्रोते हजर होते व त्यांपैकी तिघे त्याच सत्रातील वक्ते होते. त्याच वेळी शेजारच्या सभागृहात ईस्ट्रोजेनाच्या चयापचयावरील (शरीरातील रासायनिक घडामोडींवरील) परिसंवादास मोठी गर्दी झाली होती.

इंग्लंडमध्ये ग्लॅस्कॉक व हूकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये शेळ्या-मेंढ्यांच्या जननेंद्रियांत हेक्झेस्ट्रॉल या कृत्रिम ईस्ट्रोजेनाचा असाच निवडक संचय दाखविला. १९६६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील डेव्हिड टॉफ्ट व जॅक गॉर्स्की यांनी गर्भाशयातून ईस्ट्रोजेनाशी बद्ध होणारे प्रथिन अलग केले. ग्राही कोशिकाद्रव्यात असतो व हॉर्मोन बद्ध झाल्यावर तो केंद्रकात (कोशिकेच्या क्रियांवर नियंत्रण ठेवणाऱ्या गोलसर पुंजात) जातो, असा द्विपद सिद्धांत १९६८ मध्ये पुढे आला. १९८४ मध्ये प्रतिपिंडांच्या (विशिष्ट पदार्थ ओळखणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने केलेल्या संशोधनात मात्र हॉर्मोन नसतानाही हा ग्राही केंद्रकातच असतो, असे आढळल्याने या सिद्धांतात दुरुस्ती करावी लागली. १९८६ मध्ये पीएर शांबाँ यांच्या स्ट्रॅस्‌बर्ग येथील गटाने व जेन्सन यांचे सहकारी जेफ्री ग्रीन यांच्या गटाने मानवी ईस्ट्रोजेन ग्राहीची संपूर्ण संरचना प्रसिद्ध केली. ठराविक जीनांजवळ (आनुवंशिक घटकांजवळ) डीएनए रेणूशी बद्ध होऊन हा ग्राही त्यांचे कार्य चालू वा बंद करतो. ईस्ट्रोजेनाचा आणखी एक ग्राही १९९६ मध्ये स्टॉकहोम येथे सापडला; तेव्हापासून पहिल्यास आल्फा व दुसऱ्यास बीटा म्हणतात.

कर्करोगाच्या उपचारातील परिणाम : १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यामुळे अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यावरही रुग्णास जगविणे शक्य झाले. शिकागो येथील चार्ल्स हगिन्झ यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ही शस्त्रक्रिया सुरू केली; स्टॉकहोम येथील लुफ्ट व ओलिव्हेक्रोना यांनी पोष ग्रंथी काढण्याचा मार्ग अवलंबिला. या शस्त्रक्रिया मोठ्या व कष्टदायक होत्या. त्यांनंतर आयुष्यभर हॉर्मोने घ्यावी लागत आणि लाभ पूर्वीप्रमाणेच सु. एक-तृतीयांश स्त्रियांना होई. १९६१ मध्ये फोल्का, ग्लॅस्कॉक व अर्विन यांनी अशा रुग्णांना किरणोत्सर्गी हेक्झेस्ट्रॉल देऊन पाहिले, तेव्हा ज्यांच्या अर्बुदात ते अधिक प्रमाणात साठले त्या स्त्रियांना शस्त्रक्रियेचा गुण आल्याचे दिसले. जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बुदाच्या तुकड्यातील ग्राही मोजण्याची पद्धत विकसित करून १९७१ मध्ये आपले अनुभव मांडले. १९७४ मध्ये अमेरिकेतील बेथेझ्डा येथे अनेक केंद्रांतील माहिती एकत्र करण्यात आली. तीनुसार ग्राहीयुक्त अर्बुदे असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना हॉर्मोनविषयक उपचाराचा लाभ होई, तर ग्राहीविरहित अर्बुदांत हे प्रमाण दहांपैकी एकीपेक्षाही कमी होते. बॉइड यांच्या एक-तृतीयांशाचे कोडे अशा प्रकारे उलगडले. १९७५ मध्ये कॅथरिन हॉर्विट्‌झ व विल्यम मॅग्वायर यांनी ईस्ट्रोजेन ग्राही कार्यक्षम असल्याची खूण म्हणून प्रोजेस्टेरोन ग्राहीही मोजावा, असे सुचविले. कारण तो ईस्ट्रोजेनाच्या प्रभावाने तयार होतो.

ग्राहीचे ज्ञान झाल्यावर ग्रंथी काढण्याऐवजी ग्राहीच व्यापून टाकणे शक्य झाले. इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये तयार केलेले टॅमॉक्सिफेन मूलतः संततिप्रतिबंधक म्हणून अभ्यासले गेले होते. १९७१ मध्ये मँचेस्टर येथील क्रिस्टी रुग्णालयातून स्तनाच्या कर्करोगावरील त्याच्या उपयोगाचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्यास मान्यता मिळाली. १९९८ मध्ये ५५ चाचण्यांतील सु. ३७,००० स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ग्राहीयुक्त अर्बुद असलेल्या स्त्रियांनी हे औषध पाच वर्षे घेतल्यास रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे त्यातून दिसून आले.

प्रतिसाद देणारे ऊतक व वाढणारे ऊतक : ग्राही ज्या कोशिकेत असतो तीच कोशिका वाढते, असे प्रारंभी गृहीत धरले जात होते. स्तन ग्रंथीने ही समजूत खोटी ठरविली. नर उंदराच्या गर्भात सु. चौदाव्या दिवशी वृषणातील टेस्टोस्टेरोनाच्या प्रभावाने स्तनकलिका त्वचेपासून तुटते. व्हिएन्ना येथील क्लाउस क्राटोख्व्हिल यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या हॉर्मोनाचा ग्राही सदोष असलेल्या उंदरांची व सामान्य उंदरांची भ्रूणीय ऊतके एकमेकांशी जोडून वाढविली. कलिकेचा अभिस्तर सदोष असला तरी भोवतालचे संयोजी ऊतक सामान्य असल्यास कलिका तुटे. उलट संयोजी ऊतक सदोष असल्यास ती शाबूत राही. म्हणजेच नाश कलिकेचा होत असला, तरी हॉर्मोनाची आज्ञा तिचे शेजारी ऊतक स्वीकारीत होते.

यौवनानंतरच्या विकासासंबंधीचा पुरावा विशिष्ट जीन निष्क्रिय केलेल्या उंदरांपासून मिळाला. १९९३ मध्ये ईस्ट्रोजेन ग्राही आल्फा नसलेले उंदीर निर्माण करण्यात आले. त्यांच्या माद्यांच्या स्तन ग्रंथी नवजात अवस्थेतील आखूड नलिकांपलीकडे वाढल्या नाहीत. १९९५ मध्ये जॉन लायडन, बर्ट ओमॅली व त्यांचे सहकारी यांनी प्रोजेस्टेरोन ग्राही नसलेल्या माद्यांचे वर्णन केले. त्यांच्यात नलिका वाढल्या, पण पार्श्वशाखा व कूपिका तयार झाल्या नाहीत. १९९७ मध्ये प्रोलॅक्टिन ग्राही नसलेले उंदीर उपलब्ध झाले. हा ग्राही कोशिकेच्या पृष्ठभागावर असतो व आतील स्टॅट-५ या प्रथिनामार्फत दुधातील प्रथिनांचे जीन कार्यान्वित करतो. या ग्राहीच्या दोन जीनांपैकी एकच शाबूत असलेल्या माद्यांनाही पहिल्या विणीनंतर पुरेसे दूध येत नाही, असे आढळले. यावरून ग्राही केवळ असणे पुरेसे नसून त्यांची संख्याही महत्त्वाची असते, हे दिसून येते.

मँचेस्टर येथील रॉबर्ट क्लार्क व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये मानवी स्तनाच्या निरोगी ऊतकाची तपासणी केली. नलिकांच्या अस्तरातील थोड्याच कोशिकांत ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांचे ग्राही होते आणि विभाजन पावत असलेल्या कोशिका जवळजवळ सर्व ग्राहीविरहित होत्या. पुढील वर्षी काट्रीन ब्रिस्केन व त्यांचे सहकारी यांनी प्रोजेस्टेरोन ग्राही नसलेल्या व असलेल्या कोशिकांचे उंदरांत मिश्र रोपण केले. सामान्य कोशिकांच्या सान्निध्यात ग्राही नसलेल्या कोशिकाही कूपिकांच्या निर्मितीत सहभागी झाल्या. यावरून ग्राहीयुक्त कोशिका हॉर्मोनाचा संदेश घेते व दुसरे रासायनिक संदेश शेजाऱ्यांकडे पाठवून त्यांची वाढ घडविते, असे अनुमान निघाले. ईस्ट्रोजेनाच्या बाबतीत अँफिरेग्युलिन आणि प्रोजेस्टेरोनाच्या बाबतीत हाडांच्या झिजेशीही संबंध असलेले रँकएल ही प्रथिने असे दुय्यम संदेशवाहक असल्याचे नंतर निष्पन्न झाले.

ग्राहीयुक्त कर्करोगात मात्र ग्राही व विभाजन ही दोन्ही एकाच कोशिकेत एकत्र येतात. निरोगी ग्रंथीत संदेश घेणारी व वाढणारी कोशिका सामान्यतः वेगळी असते आणि त्यामुळे वाढ भोवतालच्या ऊतकाच्या मर्यादेत राहते. कर्करोगात ही विभागणी मोडते. पण त्यामुळेच ग्राहीची वाट अडविणाऱ्या औषधाने वाढणाऱ्या कोशिकेवर थेट आघात करता येतो.

ग्राहीपरीक्षेचे महत्त्व : प्रारंभी ग्राही मोजण्यासाठी ताज्या व गोठविलेल्या ऊतकाची आणि किरणोत्सर्गी द्रव्यांची गरज असे. प्रतिपिंडे उपलब्ध झाल्यावर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतकाच्या पातळ छेदावर ही परीक्षा करता येऊ लागली व ती सामान्य रुग्णालयांच्या आवाक्यात आली. तथापि ऊतक फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्यास विलंब झाल्यास किंवा पुढील प्रक्रिया सदोष असल्यास असलेले ग्राहीही दिसत नाहीत. मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालयातील ७९८ अर्बुदांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ईस्ट्रोजेन ग्राहीयुक्त अर्बुदांचे प्रमाण सु. एक-तृतीयांश आढळले होते. पाश्चात्त्य देशांत ते सामान्यतः दोन-तृतीयांशाहून अधिक असते. भारतातील नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले. रुग्णांच्या वयोमानातील भेदाबरोबरच ऊतकाचे परिरक्षण व परीक्षेची पद्धत यांचाही या फरकात वाटा होता. २०१० मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक संस्थांनी अर्बुदातील किमान १ टक्का कोशिकांत ग्राही आढळल्यास ते ग्राहीयुक्त मानावे, असे मार्गदर्शक सूत्र घालून दिले.

परीक्षेचा निष्कर्ष चुकून नकारात्मक आल्यास रुग्ण स्त्री टॅमॉक्सिफेनासारख्या स्वस्त, गोळीच्या रूपात घेता येणाऱ्या व परिणामकारक औषधास मुकते. चुकून होकारात्मक आल्यास निरुपयोगी उपचारात तिचा मोलाचा काळ जातो. बीटसन यांच्या काळी अंडकोश काढल्यानंतर वाट पाहणे, हीच एकमेव परीक्षा होती. आता शस्त्रक्रियेच्या दालनातून निघालेला ऊतकाचा तुकडा किती तत्परतेने फॉर्मॅलिनमध्ये पडतो, यावर ते उत्तर पुष्कळ अंशी अवलंबून असते. त्यामुळे ग्राहीविषयीच्या दीर्घ संशोधनाचे फळ रुग्णापर्यंत पोहोचविण्यात प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाइतकाच ऊतक जपणाऱ्या तंत्रज्ञाचाही वाटा आहे.